गोधडीसाठी वेळ

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिला मंडळाच्या चिटणीस बाईंनी आम्हांस जो विषय लेखी कळविला तो असा : ‘गृहिणींनी शिवणकाम, भरतकाम व गोधडी यांसाठी घरच्या घरी वेळ कसा काढावा.’ विषय वाचताच आमच्या मनात पहिला विचार आला तो हा की, हे व्याख्यान ऐकावयास पुरुष बसले पाहिजेत. म्हणून आम्ही बाईंना उलट टपाली कळविले की, आमचे बोलणे संपेपर्यंत बाहेर चहा ठेवू नये. त्यांनी ही विनंती मान्य केली, आणि त्यामुळेच मागच्या रांगा आज भरलेल्या दिसत आहेत. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आम्ही या विषयातले अधिकारी पुरुष नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली आणि सेवानिवृत्तीपर्यंत पाढे, शुद्धलेखन व भूगोल शिकविला. परंतु जन्म शिंप्याच्या घरचा. वडिलांच्या दुकानातील कात्रणे ज्या पोत्यात भरून घरी येत, त्या पोत्यावर बसून आम्ही पावकी-निमकी पाठ केली. तेवढ्या भांडवलावर चार शब्द बोलणार आहोत.

‘वेळ काढणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मोठा फसवा आहे. विहिरीतून पाणी काढावयाचे तर आधी विहिरीत पाणी असावे लागते. पोहरा कितीही चांगला असला तरी कोरड्या विहिरीतून काय निघणार? शिवाय ‘वेळकाढूपणा’ असा शब्दही आपणच केला आहे, आणि तो निंदेचा आहे. तेव्हा एखाद्या बाईने दुपारी सुई हाती घेतली म्हणजे ती वेळ काढते आहे की वेळकाढूपणा करते आहे, याचा निवाडा घरातले इतर लोक करतात. आमचे आजचे सांगणे याच निवाड्याविषयी आहे.

पूर्वी घरोघरी गोधड्या शिवल्या जात, कारण त्या काळी बायकांना रिकामपण फार होते, असा एक गोड गैरसमज प्रचलित आहे. तो शहरात अधिक आहे. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी, शेण-गोठा, भाकऱ्या, शेत, आणि संध्याकाळी पुन्हा चूल, असा ज्यांचा दिवस होता त्यांना रिकामपण कोठले? तरीही गोधड्या होत. आमच्या मते त्याचे कारण एवढेच की, गोधडीला वर्षात जागा राखून ठेवलेली होती. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर धुवून निघे. कोणती गोधडी विरली, कोणतीला नवे अस्तर लागेल, याची पाहणी त्या धुण्यातच होऊन जाई. पुढे सुगी आटोपली, होळी झाली, की दुपारी थोड्या मोकळ्या होत. तेथपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि मागे राहिले असेल तर रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, ओसरीवर सुया चालत. मृगाचा पाऊस पडला की काम बंद. कारण पेरणी आली, आणि ओलसर हवेत कापड व माणूस दोन्ही जड होतात. म्हणजे पापड-कुरडयांचा जसा हंगाम तसा गोधडीचा हंगाम होता. हंगामाच्या कामाला ‘आताच कशाला?’ असे कोणी विचारीत नाही.

देशावर जिला गोधडी म्हणतात तिलाच कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी म्हणतात. बंगालातील कांथा ही तिचीच बहीण. नावे निराळी असली तरी मूळ वस्तू एकच : अंगावर वापरून मऊ झालेले सुती कापड, त्याचे थर, आणि ते थर एकमेकांस धरून ठेवणारा साधा धावदोरा.

आमच्या मातोश्री गोधडी घालीत तेव्हा शेजारच्या तिघी येऊन बसत. चौघी चार कडांना. आमच्याकडे काम एकच असे. शाळेला जाण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून त्या भिंतीवरच्या कॅलेंडराला टोचून ठेवावयाच्या. बायकांचे डोळे दुपारच्या झापडीत सुईच्या नेढ्याशी झगडू नयेत, ही त्यातली योजना. दहा सुया संपेपर्यंत कोणी उठत नसे. सुया संपल्या की पाणी पिऊन आपापल्या घरी. घड्याळ आमच्या घरी नव्हते. सुयांवरच तास मोजला जाई.

१९७२ च्या दुष्काळात मात्र आमच्या घरी एकही टाका पडला नाही. दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हते, आणि मातोश्री गावच्या इतर बायकांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. संध्याकाळी त्यांच्या बोटांत सुई धरवत नसे. निम्मी झालेली गोधडी वळकटी करून माळ्यावर टाकली होती, ती १९७४ च्या उन्हाळ्यात खाली उतरली. घराची स्थिती कशी आहे, हे वाण्याच्या वहीपेक्षा त्या वळकटीवरून आम्हां मुलांना अधिक कळे.

आता थोडे गणित करू. मास्तरला व्याख्यानाला बोलाविल्यावर त्यातून सुटका नाही.

नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी होते. रुंदी सुमारे चार फूट. विरलेला भाग कापून आणि कडा दुमडून सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडी सहज निघते. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि फेऱ्या घेत मध्याकडे जातो. दोन फेऱ्यांत एक इंच अंतर धरले तर २४ फेऱ्या होतात. पहिली फेरी २० फुटांची. पुढली प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून ८ इंचांनी आखूड. सगळ्यांची बेरीज २९६ फूट, म्हणजे शंभर वारांना जेमतेम कमी. इंचाला चार टाके धरले तर १४,२०८ टाके. आमच्या धाकट्या सूनबाईंनी घड्याळ समोर ठेवून पाहिले, तेव्हा चार पदरांतून तासाला तीन वार शिवून झाले. त्या हिशेबाने एका गोधडीस सुमारे ३३ तास लागतात. ज्यांचा हात बारीक आहे त्या अर्ध्या इंचावर फेरी घेतात. त्यांना याच्या दुप्पट लागतील.

या गणितात एक गंमत आहे, ती भगिनींनी लक्षात ठेवावी. फेऱ्या आत जाताना आखूड होत असल्यामुळे १२ फेऱ्या झाल्या, म्हणजे निम्म्या झाल्या, की काम मात्र दोन तृतीयांश संपलेले असते. सहाव्या फेरीलाच एक तृतीयांशाहून अधिक काम हातावेगळे होते. बहुतेक गोधड्या पाचव्या-सहाव्या फेरीला कंटाळून गुंडाळल्या जातात असे आमचे निरीक्षण आहे. म्हणजे अवघड चढण संपते न संपते तोच आपण माघारी फिरतो.

तेहतीस तास हा आकडा मोठा आहे काय? पाच दिवसांचा एक कसोटी सामना पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत पाहिला तर ३० तास होतात. मागच्या रांगांतील मंडळींनी असे सामने वर्षात किती पाहिले, ते त्यांचे त्यांनी मोजावे. रोज अर्धा तास दिला तर गोधडी ६६ दिवसांत होते. अर्धा तास! आणि तरीही आपल्या ज्ञातीतल्या कित्येक घरांत पलंगाखालच्या पेटीत लुगड्यांचे गाठोडे दहा-दहा वर्षे तसेच पडून आहे. तेव्हा खोट तासांत नाही. दुसरीकडेच कोठेतरी आहे.

आमच्या समजुतीप्रमाणे ती अशी. सुईचे काम कोठेही थांबविता येते. दूध उतू जात असेल तर ते सोडून येता येत नाही; कढईत फोडणी असेल तर हाक मारणारा थांबतो; पण टाका अर्धा राहिला म्हणून काही जळत नाही, नासत नाही. म्हणून तर पूर्वापार हे काम बायकांच्या वाट्याला आले. पाळण्याला झोका देता देता, चुलीवर लक्ष ठेवून ते करता येई. परंतु जो या कामाचा गुण तोच त्याचा घात झाला. कोठेही थांबविता येते, म्हणून प्रत्येकजण ते थांबवितो. ‘जरा पाणी दे’, ‘माझा सदरा कोठे आहे?’, ‘दार उघड, कोणीतरी आले’, ‘फोन वाजतो आहे.’ हाक मारणाऱ्याला वाटते, एवढेसे तर काम सांगितले. त्याचे खरेच आहे. एक मिनिटाचे काम. पण सुई टोचून ठेवणे, मांडीवरचा पसारा बाजूला सारणे, उठणे, परत येऊन फेरी शोधणे, यात पाच-सात मिनिटे जातात, आणि चौथ्या हाकेनंतर बाई गोधडी गुंडाळून पेटीत ठेवते. त्या दिवशी तिला कोणी ‘शिवू नकोस’ असे म्हटलेले नसते. सगळे घर प्रेमळच असते.

भरतकामात हे अधिक जाणवते. धारवाडकडची कसूती घ्या. तीत नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे धागे डोळ्यांनी मोजून टाका घालावयाचा, आणि उलट बाजूलाही सुलट दिसावे म्हणून गाठ चालत नाही. मध्येच हाक आली की मोज चुकली, आणि मोज चुकली की ओळ उसवावी लागते. अशी कामे हाकांच्या घरात टिकत नाहीत. क्रोशाचे रुमाल व लोकरीचे विणकाम काहीसे टिकले, कारण ते पिशवीत घालून बाहेर नेता येते. मुंबईच्या लोकलगाडीत बायकांच्या डब्यात विणकाम चालते, ते तेथे हाक मारणारे कोणी नसते म्हणून!

आता आपल्या ज्ञातीपुरते एक बोलतो. कोणी मनास लावून घेऊ नये. आपण सुई-कात्रीवर पोट भरलेले लोक. दुकानावर पाटी असे, दुकानाला उघडण्याची व मिटण्याची वेळ असे, आणि गज गळ्यात अडकवून पुरुष यंत्रावर बसला की तो ‘कामावर’ असे. त्याच दुकानातले सदरे काज-बटणांसाठी घरी येत. हूक लावणे, हातशिलाई, काजे करणे हे बायका रात्री कंदिलाजवळ करीत. ते ‘दुकानाचे काम’ म्हणून सगळे घर जपून चाले. सासूबाईसुद्धा हाक मारीत नसत. तीच बाई, तीच सुई, तेच बोट. परंतु गोधडी मांडीवर घेतली की तो ‘उद्योग’. म्हणजे सुईला मान होता तो गिऱ्हाइकामुळे होता. तयार कपड्यांनी आपली पुष्कळ दुकाने बसविली, काजे करणारी यंत्रे आली, आणि घरातल्या बाईची सुई जी एका नात्याने कामाची मानली जात होती तीही तशी उरली नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, यंत्राने वेळ वाचविला की! वाचविला, यात शंका नाही. १८४६ साली एलियस हॉवे यांनी आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत शिवणयंत्राचे हक्क नोंदविले. आपल्या वाडवडिलांनी त्या सिंगरला ‘शिंगर’ केले. महात्मा गांधींना यंत्रांच्या वेडाचा तिटकारा होता हे सर्वांस ठाऊक आहे. पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र शोधले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांनी सांगितले. सिंगरसाहेबांनी एकाहून अधिक संसार थाटले होते, तेव्हा हे प्रेम नेमके कोणत्या घरच्या गृहिणीसाठी होते असा प्रश्न पडतो. पण तो मुद्दा वेगळा. आमचा मुद्दा असा की, यंत्राने वाचविलेला वेळ बाईच्या हाती आला काय? गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, पिठाची गिरणी आली. प्रत्येकाने काही मिनिटे वाचविली. ती मिनिटे घराच्या सामाईक खात्यात जमा झाली, आणि त्या खात्यावर तिची सही चालत नाही.

हे आम्ही केवळ मनाने बोलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर घरोघर जाऊन माणसे आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. २०१९ साली घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवावी लागत, पुरुषाला ९७. आणि अशी कामे करणारे पुरुष किती? चारांत जेमतेम एक. पाच वर्षांनी स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बाईची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही तत्परतेने आपली नऊ वाचवून घेतली. बाईने ही दहा मिनिटे रोज इमानेइतबारे गोधडीला दिली तर ती १९८ दिवसांत पुरी होईल. हाक न आल्यास.

अलीकडे अशा विषयावर बोलताना मोबाइलला दोष देण्याची प्रथा आहे. आम्ही तो देणार नाही. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडून जी बाई मोबाइल पाहते, ती त्या दिवसातली पहिली पंधरा मिनिटे स्वतःची म्हणून पाहते. त्या वेळी तिने काळ्या कापडावर काळा दोरा चालवावा असे सांगणारा डोळ्यांचा वैरी होय. सुईला दिवसाचा उजेड लागतो. दिवसाच्या उजेडातला वेळ तिला मिळाला तर रात्री मोबाइल पाहावा की न पाहावा, हे तिचे ती ठरवील.

पुणे सेवासदनाचा दाखला येथे द्यावासा वाटतो. १९०९ साली रमाबाई रानडे आदींनी ही संस्था उभी केली. तेथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवण व भरतकामही शिकविले जाई. तेथील शिक्षणाचे महत्त्व पुष्कळांनी वर्णिले आहे. आम्हां शाळामास्तरांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वर्गाला तास असतो. घरी जी बाई दहा वेळा उठली असती ती वर्गात तासभर एका जागी बसते, आणि तिला हाक मारावयास कोणी येत नाही, कारण ती ‘वर्गाला गेली आहे’. आम्हांस वाटते, घरातच असा वर्ग भरावा. त्याला फळा लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी तास पाळला की झाले.

कसा भरवावा ते सांगतो. दुपारी तीन ते चार, किंवा ज्या घरी बाई नोकरीला जाते तेथे रविवारी सकाळी नऊ ते अकरा, अशी वेळ घरातल्या सर्वांसमक्ष ठरवावी आणि कॅलेंडरावर लिहावी. त्या वेळात दाराची घंटा, फोन, चहा, मूल व म्हातारे यांची जबाबदारी नाव घेऊन दुसऱ्याकडे द्यावी. ‘कोणीतरी पाहील’ असे ठरविले तर ते कोणीतरी म्हणजे तीच, हे सांगावयास नको. ज्या घरी दुसरे मोठे माणूस नाही तेथे शेजारणीशी फिरती पाळी लावावी : आज तिची मुले इकडे, उद्या इकडची तिकडे. आणि ज्या बाईला दोन पाळ्यांची नोकरी व घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिला आमचे काहीच सांगणे नाही. तिच्या नावाचे लुगडे दुसऱ्या चौघींनी शिवून द्यावे. पूर्वी तसे होत असे.

दुसरे जागेचे. गोधडी पेटीतून काढावयास पाव तास आणि परत ठेवावयास पाव तास लागत असेल तर अर्ध्या तासात शिवणार काय? झालेला भाग एका काठीवर गुंडाळून ती वळकटी दिवाणाच्या कडेला सुईसकट उभी करून ठेवावी. पाहुणे आले म्हणून लपवू नये. पाहुण्यांना बघू द्यावी. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटांचे कापड पसरावयास जमीन नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. तेथे एक-एक फुटाचे चौकडे करावेत. अस्तर, मधला थर व वरचे कापड यांसह प्रत्येक चौकडा मांडीवर शिवून होतो. असे २४ चौकडे जोडले की तीच सहा बाय चारची गोधडी. मात्र जोडासाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच कापड जादा ठेवावे. अमेरिकेतल्या स्त्रियांनी ही चौकड्यांची रीत फार वाढविली. आपल्याकडच्या जुन्या बायकांना ती ‘तुकड्या-तुकड्यांची’ म्हणून कमी वाटेल. वाटू द्या. पिशवीत घालून नेता येणारे काम पुरे होते, एवढे पुरेसे आहे.

आता ज्या आक्षेपाची आम्ही वाट पाहत आहोत तो असा : बाजारात काही शेकड्यांत पांघरूण मिळते, सोलापुरी चादर आहे, लोकरीसारखी मऊ ब्लँकेटे आहेत, मग ३३ तास का घालवावेत? हिशेब ठीक आहे. ज्याला पांघरूणच हवे त्याने ते विकत घ्यावे. पण गोधडी गरजेपुरतीच कधी नव्हती. उत्तर कानडा जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेलेले. अत्यंत गरिबीत दिवस काढलेली ही माणसे. त्यांच्या बायकाही जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, कडेकडून मध्याकडे, आपल्यासारखीच. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी ‘फुले’ लावतात. त्या फुलांनी ऊब येत नाही. पण ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. ज्यांना घासाची भ्रांत होती त्यांनीही फुलापुरता वेळ राखला. आपण तर चार मजली घरे बांधून बसलो आहोत.

आणि आक्षेप घेणाऱ्याच्या ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. आज ज्यांच्या पेटीत नऊवारी सुती लुगडी आहेत ती बहुधा आई, सासू किंवा आजी यांची आहेत. रोजच्या वापरात नऊवारी नेसणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत आली आहे. वीस-तीस वर्षे धुवून मऊ झालेले ते सूत आता नव्याने तयार होणार नाही. आजच्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या सुईखाली सरकतात, घाम शोषीत नाहीत, आणि विटक्या झाल्या तरी मऊ होत नाहीत. तेव्हा हे कापड एकदाच मिळणार. तसेच, थर कसे घालावेत, पदर कोणत्या अंगाला यावा, काठ कोठे वापरावेत, सुरकुती न पडता पहिल्या चार फेऱ्या कशा ओढाव्यात, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्या आपल्या ज्ञातीतल्या भगिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यातल्या कित्येकींच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या शिवू शकत नसल्या तरी शेजारी बसून सांगू शकतात. आणखी दहा वर्षांनी कापड असेल तर सांगणारी नसेल.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सगळे घर अक्का म्हणते, त्यांच्याकडे मातोश्रींची पाच लुगडी होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती बोहारणीला जाणार होती; पाच लुगड्यांवर एक स्टीलचे पातेले ठरले होते. अक्कांच्या नातीने, जी पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे, ती गाठोडी परत ओढून घेतली. शनिवारी दुपारी दोन तास असे तिने ठरविले. तिचे यजमान त्या दोन तासांत स्वयंपाकघर सांभाळतात; पोळ्या त्यांना जमत नाहीत, खिचडी जमते. शनिवारी खिचडी. पहिली गोधडी पाच महिन्यांत झाली. वरच्या थराला मातोश्रींचे हिरवे इरकली आहे आणि मधल्या थराला आमच्या वडिलांच्या धोतराचे तुकडे. तिसऱ्या फेरीत एका बाजूला कापड ओढले गेले आहे. अक्का म्हणाल्या उसव, नात म्हणाली राहू दे. ते तसेच आहे.

महिला मंडळाने येत्या संक्रांतीनंतर दर शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात ज्ञातीच्या सभागृहाची मागची खोली मोकळी ठेवण्याचे मान्य केले आहे. ज्यांच्या घरी तास पाळला जाणे कठीण आहे त्यांनी तेथे यावे. येताना एक जुने सुती लुगडे किंवा दोन धोतरे आणावीत. खळ निघून जाईपर्यंत धुतलेली व वाळविलेली असावीत. काठ वेगळे काढून ठेवावेत, टाकू नयेत. लाल कापडाचा रंग जातो की काय ते आधी एका कोपऱ्यावर पाणी लावून पाहावे. दोरा सुतीच घ्यावा आणि हातभरापेक्षा लांब ओवू नये. लांब दोऱ्याला गाठी पडतात. अंगुस्तान आपापले आणावे. आमच्याकडे वडिलांची दोन आहेत, ती आम्ही खोलीत ठेवून देऊ.

मागच्या रांगांतील मंडळींसाठी : शनिवारी दुपारी तीन ते पाच घरी राहावयाचे आहे. निघण्यापूर्वी तिला दहा सुया ओवून द्यावयाच्या आहेत. डोळ्यांना दिसत नसेल तर चष्मा लावावा. बाहेर चहा तयार आहे.